लाकडाला आधी विचारावं

लाकूड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे दिवाणखान्यातलं सागवानी फर्निचर आणि दुसरी म्हणजे चुलीतलं सरपण. या दोन टोकांच्या मधे लाकडाचं एक मोठं जग होतं. लाटणं, रवी, भोवरा, बाळाचा खुळखुळा, पाळण्याचे दांडे, पलंगाचे पाय, तबल्याचं खोड, सनईची नळी, सतारीच्या खुंट्या. ही सगळी गोल गोल फिरून जन्माला आलेली मंडळी. लाकूड फिरत ठेवायचं, पटाशी स्थिर धरायची आणि नको असलेलं लाकूड काढून टाकत जायचं, ही ती विद्या. आज मला या विद्येबद्दल, आणि त्याहून जास्त तिला लागणाऱ्या आपल्या इथल्या झाडांबद्दल बोलायचं आहे.

या कामाला आपण कातकाम म्हणतो आणि ते करणाऱ्याला कातारी. मराठीत सूतही काततात आणि लाकूडही काततात. संस्कृतातल्या 'कृत्' या धातूला कापणं आणि सूत कातणं असे दोन्ही अर्थ आहेत. आमच्या मोहल्ल्यात मात्र याच माणसाला खरादी म्हणत. हा शब्द अरबी-फारसीकडून आला. अरबीत कातारी म्हणजे 'खर्रात'. त्याचं खराद झालं, खरादी झालं, आणि पुढे ते कित्येकांचं आडनावही झालं. आता कारखान्यात त्यालाच लेथ म्हणतात. तीन भाषांतून तीन शब्द आले, पण त्या यंत्रावर चढणारं लाकूड इथल्याच डोंगरातलं आणि इथल्याच परसातलं.

ही विद्या किती जुनी? इजिप्तमधे पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताची कबर आहे, इसवी सनापूर्वी ३००च्या सुमाराची. तिच्या भिंतीवर एक चित्र कोरलेलं आहे. एक माणूस दोर ओढून लाकूड फिरवतो आहे आणि दुसरा त्यावर हत्यार धरून बसला आहे. लेथचं हे सर्वांत जुनं ज्ञात चित्र मानतात. आपल्याकडे कल्याणी चालुक्यांच्या देवळांत जा. तिथले दगडी खांब कातीव आहेत, वळ्यावळ्यांचे, जणू लाटण्याची मूठ मोठी करून उभी केली आहे.

१९८०च्या आसपास आमच्या गल्लीत एक खरादीचाचा होते. आज त्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चाचा जमिनीवर बसून काम करत. समोर दोन खुंट, त्यांना लोखंडी टोकं, त्या दोन टोकांच्या मधे लाकडाचा तुकडा अडकवलेला. लाकडाला दोराचा वेढा आणि दोराची दोन टोकं धरून ओढणारा एक पोऱ्या. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पुढे येताना पटाशी लावायची, मागे जाताना हात सैल सोडायचा. पटाशीला टेकण म्हणून पायाचा अंगठा. पुढे मोटर आली, लाकूड एकाच दिशेला फिरू लागलं आणि पोऱ्याची नोकरी गेली. पण चाचांची एक सवय मोटर आल्यावरही गेली नाही. लाकडाचा तुकडा हातात आला की ते आधी नखाने टोकरायचे, मग हातावर तोलायचे, मग दुसऱ्या लाकडावर आपटून आवाज ऐकायचे. आम्ही पोरं विचारायचो, चाचा, सगळ्यांत चांगलं लाकूड कुठलं? ते म्हणायचे, "बेटा, आधी सांग करायचं काय आहे. मग लाकडाला विचारू, तुला जमेल का?"

त्यांच्या या उत्तरात सगळं कातकाम आलं. सर्वांत चांगलं लाकूड असं काही नसतं. कामाला चांगलं लाकूड असतं.

थोडा वजनाचा हिशेब सांगतो, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. पूर्ण वाळलेल्या पांगाऱ्याचा एक घनमीटरचा ठोकळा असेल तर तो साधारण ३०० किलो भरेल. तेवढीच शिवण ५००च्या आसपास. शिसव ८५०च्या घरात. आणि खैर हजाराच्या जवळ, म्हणजे जवळपास पाण्याइतका जड. एकाच सह्याद्रीच्या उतारावर उभी असलेली ही झाडं, पण वजनात तिपटीचा फरक. ज्याला खेळण्यातलं केळं करायचं आहे त्याने खैराला हात लावू नये, आणि ज्याला मुसळ करायचं आहे त्याने पांगाऱ्याकडे बघू नये.

पांगाऱ्यापासूनच सुरुवात करू. माघ-फाल्गुनात पानं गळालेल्या फांद्यांवर लालभडक फुलं येतात ते झाड. अंगावर काटे. कोकणात कुंपणाला लावतात, मिरीचे वेल त्यावर चढवतात. लाकूड इतकं मऊ आणि हलकं की सुतार त्याला लाकडात धरायला तयार नसतो. पण सावंतवाडीच्या कारागिरांनी त्याचं सोनं केलं. तिथल्या चितारआळीत गेलात तर लाकडी आंबे, केळी, वांगी, मिरच्या, सीताफळं मांडलेली दिसतील. पांगारा, सावर, शिवण, आंबा या लाकडांवर ती कला वाढली. मऊ लाकूड पटकन कातलं जातं, रंग धरतं आणि मुलाच्या पायावर पडलं तरी लागत नाही. पण मऊ लाकडाला एक अट असते. हत्याराला धार हवी. बोथट पटाशी लावली की पांगारा कापला जात नाही, त्याचे धागे उपटले जातात आणि अंगावर लव उभी राहिल्यासारखा दिसतो. कठीण लाकडाला ताकद लागते, मऊ लाकडाला धार लागते. दुर्दैवाने २००५-०६च्या सुमाराला दक्षिण भारतात एक अगदी बारीक कीटक पांगाऱ्यावर आला. तो कोवळ्या पानांत आणि देठांत अंडी घालतो, तिथे गाठी येतात आणि झाड खंगत जातं. आधीच कुंपणं सिमेंटची झाली आणि त्यात ही कीड.

शिवण हे माझं आवडतं लाकूड. तिलाच गंभारी म्हणतात. दशमुळांतलं एक मूळ तिचं. लाकूड फिकट पिवळसर, वासाला सौम्य, कातायला सोपं. तिचा मोठा गुण म्हणजे ती वाकत नाही. लाकूड कापल्यावर सुकतं, आकसतं, वेडंवाकडं होतं. शिवण हे सगळं फार कमी करते. पाण्यातही टिकते. चाचा रवी करायला शिवण घेत. रवी रोज ताकात बुडते, रोज वाळते. फुगून-आकसून तडकणारं लाकूड तिथे चालत नाही. पाळण्याच्या दांड्यांनाही ते शिवणच सुचवत. दांडा सरळ राहिला पाहिजे, कारण पाळणा एका घरात एका बाळापुरता नसतो.

आता काळा कुडा. कुडे दोन आहेत, त्यांची गल्लत करू नये. पांढरा कुडा म्हणजे ज्याच्या सालीचं औषध आपल्या आज्या पोट बिघडलं की देत. काळा कुडा वेगळा. त्याच्या शेंगा लांब, जोडीने लोंबतात आणि खाली टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात. पानांतून निळा रंग निघतो. वनस्पतिशास्त्रातल्या त्याच्या लॅटिन नावातही रंगाऱ्याचा उल्लेख आहे. नाव काळा, पण लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं. रेषा इतक्या बारीक की हात फिरवला तर कळत नाहीत. भारतातल्या लाखेच्या खेळण्यांचं हे मुख्य लाकूड. बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर चन्नपटण आहे, तिथे याला आले मर म्हणतात. आंध्रात वराहा नदीकाठी एटिकोप्पाका नावाचं गाव आहे, तिथे अंकुडु म्हणतात. चन्नपटणच्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणून ही कला रुजवली, आणि पुढे बवास मियाँ नावाच्या कारागिराने तिला नवं वळण दिलं. एटिकोप्पाकात सी. व्ही. राजू यांनी बिया, मुळं, साली आणि पानांपासूनचे रंग पुन्हा वापरात आणले. त्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या दोन्ही गावांचं पोट ज्या झाडावर चालतं, ते झाड आपल्या महाराष्ट्रातल्या रानांतही उभं आहे. आपण त्याला ओळखत नाही एवढंच.

या लाकडावर लाख कशी चढते ते बघण्यासारखं असतं. लाख हा एका किड्याचा स्राव. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर हे किडे वस्ती करतात आणि आपल्याभोवती घर बांधतात. ते घर खरवडून, वितळवून, त्यात रंग घालून कांडी करतात. लाकूड लेथवर वेगाने फिरत असताना ही कांडी नुसती त्याच्यावर दाबून धरायची. विस्तव नको, ब्रश नको. घासण्याने जी ऊब येते तिने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीचं वाळलेलं पान त्यावर दाबतात. त्या पानाने लाख सारखी होते आणि आरशासारखी चमकते. किड्याची लाख, झाडाचा रंग, केवड्याचं पान. असा खुळखुळा बाळाने तोंडात घातला तर आईच्या पोटात गोळा येत नाही. रंग मात्र खरोखर झाडाचेच आहेत ना, हे घेताना विचारून घ्यावं. आता सगळीकडे तसं नसतं.

स्वयंपाकघरात येऊ. लाटण्याला वजन हवं. हलकं लाटणं हातात नाचतं, पोळी एकसारखी होत नाही. शिवाय त्याने वास धरू नये, पाणी पिऊ नये आणि त्याच्या रेषांत पीठ अडकू नये. म्हणून लाटण्याला शिसव किंवा जुनी बाभूळ. शिसव राजघराण्यातली. जांभळट तपकिरी रंग, त्यात काळ्या रेघा. कातल्यावर तेलाचा हात फिरवला की दुसऱ्या पॉलिशची गरज नाही. पण तिचा भुसा अनेकांना बाधतो, अंगाला खाज सुटते, शिंका येतात. नाकाला फडकं बांधूनच ती कातावी. आणि आता ती सहज मिळतही नाही. शिसवीच्या सगळ्या कुळावर २०१७च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली. ज्याच्या घरी आजीचं शिसवी लाटणं आहे, त्याने ते जपून ठेवावं.

बाभूळ मात्र गरिबाची शिसव. माळावर, बांधावर, ओढ्याच्या काठावर आपोआप उगवते. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा तिचाच करत, यावरून तिची चिवटी कळेल. घाव सोसते, फुटत नाही. भोवऱ्यालाही बाभूळ उत्तम. पोरांनो, म्हणजे आता आजोबा झालेल्या पोरांनो, आठवतं का? बाजारच्या भोवऱ्यापेक्षा कातारीकडून करून घेतलेला भोवरा जास्त वेळ फिरायचा. त्याचं कारण सरळ आहे. लाकडात एका बाजूला गाठ असेल तर ती बाजू जड होते आणि भोवरा डगमगतो. जाणता कातारी गाठ टाळून तुकडा घेतो आणि आर बरोबर मधोमध ठोकतो. बाकी सगळं जाळीचं आणि हाताचं काम.

बोर आणि चिंच ही आणखी दोन परसातली लाकडं. दोन्ही कठीण. चिंचेच्या जुन्या खोडाच्या मधे गडद जांभळट तपकिरी गाभा असतो, बाहेरचं लाकूड पिवळसर. तेलघाण्याला चिंच वापरत, कारण दाब सहन करण्यात तिचा हात धरणारं लाकूड कमी. दोन रंगांतून एकच वाटी कातली तर काठ पिवळा आणि तळ काळपट निघतो. असली वाटी एकदा हातात घेतली की बाजारातली रंगवलेली नको वाटते.

फणस कोकणी माणसाला सांगायला नको. घराचे खांब, दारं, देव्हारे त्याचेच. कातल्यावर तो हळदीसारखा पिवळाधमक असतो. मग वर्षावर्षाने मुरत जातो, मधासारखा होतो, शेवटी तपकिरी. पूर्वेकडच्या देशांत बौद्ध भिक्षूंची चीवरं याच लाकडाच्या रंगात बुडवत. हळदीवरून नाव पडलेलं दुसरं झाड म्हणजे हेदू, त्यालाच हळदू म्हणतात. बारीक पोताचं, सरळ रेषांचं, कातायला आज्ञाधारक. आणि बिवळा. त्याच्या लाकडाचे कातलेले पेले बाजारात मिळतात. पेल्यात पाणी ठेवलं की ते तपकिरी होतं आणि उजेडात धरलं तर निळसर झाक मारतं. मधुमेहावर म्हणून लोक ते पाणी पितात. पाण्याचा रंग बघायला मौज आहे, पण गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

आता साग. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण कातारी सागावर फार खूश नसतो. सागाच्या लाकडात वाळूचा अंश असतो, अगदी सूक्ष्म. त्याने पटाशीची धार लवकर जाते. पटाशीपेक्षा काचकागदाला जास्त काम पडतं. तरीही गुजरातेतल्या संखेड्याची खरादी मंडळी सागाचेच पाळणे, झोपाळे, खुर्च्या कातत आली आणि त्यावर लाखेचं नक्षीकाम करत आली. लाकूड कितीही हट्टी असलं तरी पिढ्यानपिढ्या त्याच्याशी वागलं की ते नांदतं.

कातकामाचं नातं गाण्याशीही आहे. मिरजेला तलवारींना धार करणारी शिकलगार घराणी होती. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, या लोकांनी तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. आज हिंदुस्थानी संगीतातला कितीतरी गायक मिरजेचा तंबोरा मांडीवर घेऊन बसतो. त्या तंबोऱ्याचा भोपळा वेलीवर वाढतो, पण खुंटी कातलेली असते. खुंटी जरा ढिली झाली की सूर उतरतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि खुंटीवर सगळ्या मैफलीचा भरवसा. म्हणून खुंटीला शिसवीसारखं घट्ट लाकूड. तबल्याचं खोडही जड लाकडाचं, शिसवीचं, बिवळ्याचं किंवा खैराचं. हलक्या लाकडाच्या तबल्याला आस राहत नाही.

श्रोतेहो, चांगलं झाड मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. ओलं लाकूड कातून वाटी केली आणि ती फडताळात ठेवली, तर महिन्याभरात ती गोलाची लंबगोल होते. कारण लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने ते जास्त आकसतं, गाभ्याकडून सालीकडे कमी आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून ओंडका वाळवायचा तो सावलीत. त्याच्या कापलेल्या टोकांना मेण किंवा शेणाचा जाड थर द्यायचा, कारण टोकांतून पाणी लवकर उडतं आणि तिथून चिरा पडायला सुरुवात होते. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, असा जुना अंदाज आहे. आपल्या उष्ण हवेत याहून लवकरही होतं, पण घाई नको. आंब्याचं लाकूड तर तोडल्याबरोबर चिरून वाळत घालावं लागतं. पडून राहिलं की त्यात बुरशीचे काळेनिळे डाग पडतात आणि भुंगा शिरतो. आंब्याच्या चिकाने आणि भुशाने काहींच्या अंगावर पुरळ येतं. तो शेवटी काजूच्या आणि बिब्ब्याच्या भाऊबंदांतला.

एवढं सगळं सांगण्यामागे माझी एक तळमळ आहे. खरादीचाचा १९९०च्या दशकात गेले. तोपर्यंत रवीच्या जागी मिक्सर आला होता, भोवरे प्लॅस्टिकचे झाले होते आणि पाळणे नळीचे. पण धंदा नुसत्या प्लॅस्टिकने बुडाला नाही. त्यांना लाकूडही मिळेनासं झालं होतं. त्यांचा मुलगा आज शहरात फर्निचरच्या कारखान्यात आहे. तिथे लेथ संगणकावर चालतो. एकसारखे जिन्याचे खांब दिवसाला शेकड्यांनी निघतात. तो मेहनती आहे, घर नीट चालवतो, मला त्याचं कौतुक आहे. एकदा मी त्याला विचारलं, तुमच्याकडे लाकूड कुठलं येतं? तो म्हणाला, "भाईजान, फळी येते. नंबर लिहिलेला असतो." बापाला झाडाची सालसुद्धा न बघता नुसत्या वासावरून लाकूड ओळखता येत होतं. मुलाला नंबर माहीत आहे. दोष त्याचा नाही. त्याला विचारायला लाकूडच कुणी हातात दिलं नाही.

दुसरीकडे आपण झाडं पाडायचं थांबवलेलं नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण झालं तेव्हा दोन्ही कडेची जुनी आंबा, वड, चिंच, जांभूळ अशी झाडं गेली. शहरांत रस्ते रुंद होतात, इमारती नव्याने बांधतात, वादळात झाडं पडतात. ही लाकडं बहुतेक वेळा वजनावर विकली जातात. शंभर वर्षं मुरलेली चिंच आणि कालची सुबाभूळ एकाच काट्यावर, एकाच भावाने, एकाच भट्टीत. चिंचेचा तो जांभळा गाभा कुणी बघतही नाही. कुणी म्हणेल, कातारीला झाड तोडून हवं असतं, मग तुम्ही झाडाच्या बाजूचे की विरुद्ध? मी झाडाच्याच बाजूचा आहे. उभं झाड उभंच राहावं. पण जे पडलं, जे पाडावंच लागलं, त्याची राख करण्याआधी त्याचं काहीतरी व्हावं, एवढंच माझं म्हणणं.

यात कायदा आडवा येतो असं काही जण सांगतात. कायदा आहे आणि तो असायलाच हवा. महाराष्ट्रात १९६४चा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्याच्या यादीतली आंबा, फणस, चिंच, खैर, हेदू, बिवळा अशी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. परवानगी घेऊनच काम करावं. माझी विनंती त्याच्या पुढची आहे. नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने पाडलेल्या झाडांचा लिलाव करताना सरसकट सरपणाचा भाव लावू नये. कातकामाच्या जातीचे ओंडके वेगळे काढावेत आणि जिल्ह्यातल्या कारागिरांना ते आधी विचारावेत. एक करवत आणि एक जाणता माणूस, एवढाच याचा खर्च.

आणि नवी लाकडंही ओळखायला हवीत. दोडामार्गकडे रबराच्या बागा झाल्या आहेत. पंचवीस-तीस वर्षांनी चीक आटला की रबराचं झाड काढावंच लागतं. त्याचं लाकूड फिकट, सरळ, कातायला चांगलं. त्याला कीड लवकर लागते म्हणून कापल्याबरोबर त्यावर औषधाची प्रक्रिया करावी लागते, पण मग ते टिकतं. चन्नपटणच्या कारागिरांनी ते आपलंसं केलं आहे. आपल्या शहरांच्या रस्त्यांवर छत्रीसारखा पसरणारा विलायती शिरीष, ज्याला रेन ट्री म्हणतात, त्याच्या लाकडाचे वाडगे आणि थाळ्या हवाई बेटांवर आणि फिलिपिन्समधे नावाजलेल्या आहेत. आपण त्याचं जळण करतो. रबर काय, रेन ट्री काय, ही झाडं दक्षिण अमेरिकेकडून आली हे खरं. पण दीडशे वर्षं इथल्या मातीत उभं राहून, इथला पाऊस पिऊन, इथल्या माणसांना सावली देऊन झाड स्थानिक होत नसेल, तर मग स्थानिक कशाला म्हणायचं हे मला तरी कळत नाही.

आणखी एक बदल झाला आहे, तो चांगला. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना दर्जाचा शिक्का बंधनकारक झाला. त्याने बाहेरच्या स्वस्त, घातक रंगांच्या खेळण्यांना थोडा आळा बसला. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांना या अटीतून सूट आहे. आपल्या ओळखीत कुणी खेळणी कातणारा असेल तर त्याला ही नोंदणी करायला सांगा. अनेकांना ती माहीत नसते.

शेवटी श्रोत्यांनाच दोन-तीन कामं सांगतो. परसात जागा असेल तर एक शिवण लावा, बांधावर काळा कुडा लावा, कुंपणाला पांगारा. तुमच्या हयातीत शिवणीची रवी होईल, याची मला खात्री आहे, कारण ती लवकर वाढते. घरचं एखादं झाड वादळात पडलं, तर जळाऊवाल्याला फोन करण्याआधी गावात कातारी, खरादी, लेथवाला, जे काही त्याचं नाव असेल तो माणूस आहे का, ते बघा. तोपर्यंत ओंडक्याच्या टोकांना मेण लावून तो सावलीत ठेवा. त्या झाडाची लाटणी होतील, ती लेकीसुनांच्या घरी जातील. आंबा खाल्लेली माणसं गेली तरी त्या आंब्याचा पोळपाट राहील.

आणि पुढच्या वेळी नातवंडाला खेळणं घ्याल, तेव्हा दुकानदाराला किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. हे लाकूड कुठलं? त्याला उत्तर येत नसेल तर हरकत नाही. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो कारागिराला विचारील आणि कारागीर झाडाकडे बघेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)